अकराशे पन्नासचा कोहळा

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. वस्तू: एक कोहळा, वजन साडेसहा किलो. रक्कम: अकराशे पन्नास रुपये. हजर: मोठी माणसं एक्याण्णव, मुलं सव्वीस. घेणारा: मी. चुकून.

आमच्या चर्चच्या मंडळीत भातकापणी उरकली की कापणीचा सण होतो. त्या रविवारी ज्याच्या घरी जे पिकलं असेल ते तो घेऊन येतो आणि वेदीपुढे ठेवतो. नव्या तांदळाच्या पिशव्या, नारळ, पपया, केळीचा लोंगर, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा. ज्यांचं शेत नाही आणि होडी आहे, ते सुकट आणतात. कोणी उन्हाळ्यापासून माळ्यावर जपून ठेवलेली पांढऱ्या कांद्याची माळ आणतं. उपासना संपली की बाहेर मांडवात या सगळ्याचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचं अंडं दोनशेला जातं. कोणाला त्याचं वाईट वाटत नाही, कारण पैसे मंडळीच्या कामाला जातात.

हे सगळीकडेच होत असेल. आमच्याकडे त्यात एक पोटनियम आहे, तो कुणी घातला हे मला जुन्या कागदांत सापडलेलं नाही. लिलावातली शेवटची वस्तू, म्हणजे सगळ्यांत मोठं फळ किंवा भाजी, घेणाऱ्याने आपल्या घरी न्यायची नाही. त्या दिवशी जे उपासनेला येऊ शकले नाहीत, त्यांतल्या एका घरी ती पोचवायची आणि त्या घरात बसून प्रार्थना करायची. मोठ्याने, आणि पुस्तकात न बघता.

मी मंडळीचा खजिनदार. त्यामुळे शेवटच्या वस्तूची बोली चढवणं हे मी माझं काम समजत होतो. पण ती वस्तू माझ्या पदरात पडू न देणं हेही माझंच काम होतं. सात वर्षं मी ते चोख केलं. समोर माझा मेव्हणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. तो अलिबागच्या रस्त्यावर मिनीडोर रिक्षा चालवतो आणि प्रार्थना असो की भांडण, त्याला शब्द कमी पडत नाहीत. मी पन्नास वाढवायचे, त्याने पन्नास वाढवायचे. बोली शंभराच्या आकड्यावर आली की ती त्याच्या तोंडी असेल आणि मी गप्प बसेन, एवढा हिशेब मी ठेवायचो. वस्तू त्याची, वाढलेले पैसे मंडळीचे, आणि मी मोकळा.

त्या वर्षी मेव्हणा म्हणाला, "अकराशे."

मी म्हणालो, "अकराशे पन्नास." आता तो बाराशे म्हणणार आणि मी पाणी प्यायला उठणार.

"एक वार!" लिलाव पुकारणारे गृहस्थ ओरडले. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय; त्यांना माईक लागत नाही.

मी मेव्हण्याकडे पाहिलं. तो मांडवाच्या कापडाकडे बघत होता.

"दोन वार! हाय का कोणी?"

"अरे, बोल ना," मी हळूच म्हटलं.

"हाय तेवढेच पैसे, भाऊजी. डिझेल केवढ्याला झालं बघितलंत का?"

"मी भरतो वरचे पन्नास!"

"न्हाय न्हाय. देवाच्या कामात उधारी नको."

"तीन वार! खजिनदारसाहेबांचा कोहळा!"

बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या, त्यांत माझ्या बायकोची टाळी सगळ्यांत मोठी होती. हे माझ्या ध्यानात आलं होतं, पण त्यावर विचार करायला मला सवड नव्हती. माझ्या हातात साडेसहा किलोचा कोहळा होता आणि कपाळाला घाम.

इथे माझी अडचण सांगायला हवी. मंडळीतल्या पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना ती माहीत आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

मी अकरा वर्षांचा असताना नाताळच्या आधीच्या रविवारी मला अर्पणाची प्रार्थना करायला उभं केलं होतं. वाक्यं पाठ होती. मी पुढे गेलो, डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणालो, "हे स्वर्गीय पित्या." पुढचं सगळं गेलं. चर्चमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर माडावरून झावळी पडल्याचं ऐकू आलं. डोळे मिटून, हात जोडून, सरळ उभं राहून मी आयुष्यात आणखी एकच गोष्ट पाठ म्हणत असे. ती तोंडातून आपोआप बाहेर पडली: "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस." सतरा चोक अडुसष्टपर्यंत पोचलो तेव्हा लोक हसायला लागले. वाईट मनाने नाही, पण हसले. त्यानंतर अडतीस वर्षांत मी चार माणसांपुढे तोंडाने प्रार्थना केली नाही. घरी जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा बायको करते. मी आमेन म्हणतो.

पाळकसाहेब आमच्याकडे नवीन होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाईंच्या घरी घेऊन जा."

बाई म्हणजे आमच्या शब्बाथशाळेच्या बाई. चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी त्यांनी मंडळीतल्या मुलांना शास्त्र शिकवलं. ती सतराच्या पाढ्याची प्रार्थना मला त्यांनीच पाठ करून दिली होती. आता त्या ऐंशीच्या पुढे होत्या. जूनमध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून घरीच होत्या.

"तो कोहळा त्यांच्याच छपरावरचा आहे ना?" मी विचारलं. तो त्यांच्या सुनेने आणलेला मी सकाळी स्वतः नोंदवला होता.

"मग त्यांना ओळखीचा वाटेल," पाळकसाहेब म्हणाले.

बाईंचं घर चर्चपासून सहाशे पावलांवर आहे. वाटेत शेजारचे एक शेतकरी बांधावर बसले होते. मला छातीशी कोहळा धरून येताना बघून म्हणाले, "काय खजिनदार, कोणाची दृष्ट काढायला?"

"माझीच काढा," मी म्हणालो.

बाई खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. केस विंचरलेले, इस्त्रीचं पातळ, जणू कोणी यायचं ठरलेलं असावं. कोहळ्याकडे बघून म्हणाल्या, "केवढ्याला घेतलास?"

"अकराशे पन्नास."

"अरे देवा. मी तुला पन्नासला दिला असता, आणि वर चहा."

मग त्यांनी डोळे मिटले आणि वाट बघू लागल्या. सून दारात येऊन उभी राहिली. मी कोहळा खाली ठेवला, हात जोडले. "हे स्वर्गीय पित्या," मी म्हणालो. पंखा फिरत होता. किती वेळ गेला ते मी सांगू शकतो, कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि मी डोळे मिटले नव्हते: दोन मिनिटं दहा सेकंद.

"बाई, मला येत नाही," मी शेवटी म्हणालो.

मला वाटलं त्या म्हणतील, असू दे, मनातल्या मनात कर. सगळे तेच म्हणतात. बाईंनी डोळे उघडून विचारलं, "काल धक्क्यावर किती माणसं गेली?"

मी रेवसच्या धक्क्यावर तिकीटखिडकीत बसतो. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची तिकिटं फाडणं हे माझं काम. "चारशे बारा," मी म्हणालो.

"सगळी पोचली?"

"हो तर."

"मग ते सांग ना त्याला."

"काय?"

"हेच. चारशे बारा गेली, चारशे बारा पोचली."

"ही काय प्रार्थना झाली?"

"बारा टोपल्या उरल्या, हे शास्त्रात कोणी लिहिलं? आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांनी जाळं ओढलं, त्यात मासे किती होते?"

"एकशे त्रेपन्न." हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"कोणीतरी मोजलेच ना? प्रभू समोर काठावर उभा आहे, निखाऱ्यावर न्याहारी तयार आहे, आणि हा शिष्य ओल्या हातांनी मासे मोजतोय. त्याला कोणी हाकलून दिलं नाही. तो तुझ्यासारखाच असणार. बोल."

मी म्हणालो, "हे स्वर्गीय पित्या, काल चारशे बारा माणसं गेली आणि चारशे बारा पोचली. आभार. आमेन."

सून हसली नाही. बाई म्हणाल्या, "एक वाक्य झालं. अकराशे पन्नासच्या कोहळ्याला एवढ्यात भागत नाही. बुधवारी ये, दुसरं घेऊन ये."

म्हणून मी दर बुधवारी जाऊ लागलो. संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की स्कूटर थेट बाईंच्या अंगणात. ठरलं ते असं: दर आठवड्याला एक वाक्य जास्त. तिसऱ्या बुधवारी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी रविवारी ऐकलेलं एक भरजरी वाक्य घातलं. त्यात कृपासन होतं, अगाध प्रीतीचा सागर होता.

बाईंनी मध्येच विचारलं, "हे कोणाचं?"

"पाळकसाहेबांचं."

"परत कर त्यांना. तुझं काय ते बोल."

पाचव्या की सहाव्या बुधवारी त्यांनी वेगळंच विचारलं. "या चारशे माणसांतलं एखादं तोंड आठवतं का रे तुला?"

मी आठवून बघितलं. एकही नाही. माझ्या खिडकीची फट खाली आहे. मला हात दिसतात, नोटा दिसतात, बांगड्या दिसतात. वीस वर्षं मी हातांना तिकिटं विकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर जुना लाकडी खोका उलटा ठेवून त्यावर बसलो. त्याने मी आणखी वर गेलो आणि आणखीच हात दिसायला लागले. मग तो काढला आणि खुर्चीचे पायच सुताराकडून चार इंच कापून आणले. आता खिडकीतून तोंडं दिसायला लागली. सहकारी विचारायला लागले की साहेब बुटके कसे झाले.

पहिलं तोंड जे मी लक्षात ठेवलं, ते काशीदकडच्या एका माणसाचं होतं. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, बरोबर बायको, दोघंही गप्प. दोन तिकिटं जायची. त्या बुधवारी माझी वाक्यं सात व्हायला हवी होती. अकरा झाली, आणि मी मोजायचं विसरलो होतो. मोजली ती बाईंनी. तीन आठवड्यांनी तोच माणूस मुंबईहून उतरला, खिडकीपाशी थांबला आणि सुटे मागितले. मी विचारलं, "बरं आहे ना आता?" तो दचकला. "तुम्हाला काय ठाऊक?" मग म्हणाला, "हो. गाठ साधी निघाली." लाँच सुटायला दोन मिनिटं असताना मी खिडकीत बसून डोळे पुसत होतो, आणि रांगेतला एकजण ओरडत होता, "ओ, झोपलात काय?"

ईस्टरपर्यंत बाईंच्या खोलीत मी बऱ्यापैकी बोलू लागलो. घरी जेवणाआधीची प्रार्थना एकदा मी केली. मुलीने डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि मुलगा आमेननंतर म्हणाला, "पप्पा, तुमची चांगली आहे. छोटी असते."

मग जून आला. पावसाळ्यात लाँच बंद. खिडकीला कुलूप, माणसं शून्य. पहिल्या बुधवारी मी ओल्या रेनकोटात बाईंसमोर बसलो आणि म्हणालो, "आज सांगायला काही नाही. मोजायला कोणी आलंच नाही."

"मग आज मोजू नकोस. बस."

आम्ही बसलो. मी डोळे मिटले. तीच शांतता होती, अकरा वर्षांचा असताना चर्चमध्ये झाली होती ती; मला ती लगेच ओळखू आली. पण या वेळी मागून कोणी हसणार नव्हतं. बाईंचा श्वास ऐकू येत होता, कौलांवरून पाणी पडत होतं. हळूहळू मला असं वाटायला लागलं की तेव्हाही तिथे कोणीतरी माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतं, आणि त्याला अजिबात घाई नव्हती. घाई मलाच होती. त्या दिवशी घड्याळाकडे बघायचं राहिलं, म्हणून किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच नोंद कोरी आहे आणि ती तशीच असू दे.

पावसाळाभर बाई काठीने खोलीत चालू लागल्या. आधी चार पावलं, मग पडवीपर्यंत बावीस. ऑक्टोबरात त्या म्हणाल्या, "कापणीच्या सणाला मी येणार. आणि अर्पणाची प्रार्थना तू करायची."

"बाई, बुधवारचं वेगळं. तिथे शंभर माणसं असतात."

"चारशे बाराला घाबरत नाहीस, शंभराला घाबरतोस?"

"मी नाही केली तर?"

"तर मी बावीस पावलं चालले कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं." आश्चर्य वाटल्यासारखं त्यांनी काही केलं नाही.

सणाच्या दिवशी मेव्हण्याने मिनीडोर अगदी चर्चच्या पायरीला लावली. बाईंना खुर्चीसकट चौघांनी आत आणलं आणि त्यांच्या जुन्या जागी, डावीकडच्या तिसऱ्या बाकाशेजारी ठेवलं. पुढे त्यांच्याच छपरावरचा या वर्षीचा कोहळा होता, आठ किलो दोनशे ग्रॅम. अर्पणाचं गीत संपलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी पुढे गेलो. हजर मोठी माणसं एकशे तीन. डोळे मिटले, हात जोडले.

"हे स्वर्गीय पित्या, या वर्षी तू आम्हांला चांगलं पीक दिलंस. आमच्यातली दोन माणसं तू घेऊन गेलास आणि तीन बाळं दिलीस. बाई वर्षभर चालल्या नव्हत्या, आज त्या इथे आहेत." इथवर ठीक होतं. मग एकदम पुढचं सगळं गेलं. तस्संच, एकोणचाळीस वर्षांपूर्वीसारखं. शांतता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मेव्हण्याचा आवाज आला. हळू, पण त्याचं हळू म्हणजे रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं.

"सतरा एके सतरा."

सगळं चर्च हसलं. ट्रकवाल्या गृहस्थांचं हसणं तर मांडवापर्यंत गेलं असेल. डावीकडून बाईंचं दाबलेलं हसू ऐकू आलं. आणि मी, डोळे मिटलेले, हात जोडलेले, इतका हसलो की मला वेदीचा कठडा धरावा लागला. असं किती वर्षांनी हसलो, कोण जाणे. हसू ओसरलं तेव्हा भीती कुठे दिसेना. मी म्हणालो, "आणि हसण्याबद्दलही आभार, पित्या. हे जे आम्ही आणलं आहे ते तुझंच आहे. आम्ही फक्त मोजून परत ठेवतो आहोत. आमेन."

एकशे तीन आमेन झाले. मुलांचे वेगळे.

मांडवात लिलाव लागला. कोहळ्याची बोली मेव्हण्याने अकराशेवर आणली आणि माझ्याकडे बघून मुद्दाम तोंड बंद केलं. मी अकराशे पन्नास म्हणालो. या वेळी चुकून नाही. पाळकसाहेबांनी मला कोळीवाड्यातल्या एका बाळंतिणीच्या घरी पाठवलं. तिथे मी प्रार्थना केली, बाळाने मध्ये मध्ये साथ दिली. तिच्या सासूने अर्धा कोहळा ठेवून घेतला आणि बाकीचा अर्धा परत माझ्याच हातात दिला. "एवढा कोण खाणार? बाईंना द्या, वड्या करतील," ती म्हणाली. नियमात हे बसतं की नाही ते मी अजून बघितलेलं नाही.

बुधवारी मी बाईंकडे गेलो तेव्हा मेव्हणा आधीच पडवीत बसलेला होता. त्याची मिनीडोर भर धंद्याच्या वेळेला अंगणात उभी, हे नवलच. सुनेने आतून स्टीलचा डबा आणून बाईंना दिला. बाईंनी झाकण उघडून वड्या मोजल्या आणि डबा मेव्हण्यापुढे सरकवला.

"हे कशाबद्दल?" मी विचारलं.

मेव्हणा माडाकडे बघायला लागला, मागच्या वर्षी मांडवाकडे बघत होता तसाच.

"सांगून टाक आता," बाई म्हणाल्या.

"काय नाय हो भाऊजी. बाई बोललेल्या, अकराशेला थांब. ताई बोलली, थांबच. पाळकसाहेब बोलले, घर कुठलं ते माझ्यावर सोडा." त्याने एक वडी तोंडात टाकली. "पण बाईंनी मजुरी आगाऊ नाय दिली. बोलल्या, तो मंडळीपुढे उभा राहिला तरच. एक वरीस थांबलो मी."

मी बाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे झाकण पुसत होत्या.

कोहळ्याच्या वड्या, नग चोवीस. देणाऱ्या बाई, घेणारा माझा मेव्हणा. त्यातली एक त्याने मला दिली.